चटईवरून दिसणारी आई

दिघोरी,
माघ वद्य पंचमी, शुक्रवार
(इंग्रजी तारीखही लिहिली असती, पण कॅलेंडरचं ते पान रंजूने काल खाल्लं.)

तीर्थस्वरूप रेवताबाईस,

थप, थप, थप, आणि चौथ्या थापेला किण्ण! बाई, हा आवाज तुला आठवतो का? आपली माय लेकराला थोपटायची. तीन थापा पाठीवर आणि चौथी जरा वर, खांद्यापाशी, आणि तिथेच नेमक्या तिच्या दोन बांगड्या एकमेकींना लागायच्या. तो आवाज मी पाळण्यात ऐकला की नंतर धाकट्यांना थोपटताना, ते सांगता येत नाही, पण छंद म्हणजे काय हे मला पुढे अध्यापक विद्यालयात शिकवलं तेव्हा मी मनात म्हटलं, हे तर मला येतं. असो. पत्राची सुरुवात अशी करायची नसते, मीच मुलांना तसं शिकवलं आहे. आधी नमस्कार, मग प्रकृती, मग मजकूर. तेव्हा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझी प्रकृती कशी आहे? नव्या दातांनी भाकर चावते का? म्हैस व्याली असेल तर रेडा की वगार, तेही कळवावं. फोनवर आपल्या दोघांचं बोलणं म्हणजे तू तिकडे नाकाडोंगरीत 'हालो' म्हणतेस आणि मी इकडे 'हालो' म्हणतो, आणि दहा मिनिटांनी दोघंही समाधानाने ठेवून देतो. म्हणून पत्र.

आता मजकूर. आमची सून ज्योत्सना हिचं नाव भंडाऱ्याच्या प्रशिक्षणाला लागलं आहे. दहा दिवसांचं आहे, तिथेच राहायचं, आणि विषय मासोळीचं बी, म्हणजे पिल्लं, तयार करणं. इथल्या बायकांच्या गटाने गावतलाव मासेमारीला घेतला आहे, हे तुला ठाऊक आहेच. मागच्या साली त्यांनी बाहेरून बी आणलं, तर अर्धं पिशवीतच मरून आलं. आता गटातल्या एकीने ते काम शिकून यावं आणि बी इथेच काढावं, असं ठरलं, आणि सगळ्याजणींनी एका तोंडाने ज्योत्सनाचं नाव घेतलं. पोरगी पवनीची, वैनगंगेच्या काठची. पाण्याचा रंग पाहून खाली काय चाललंय ते सांगते. (आपले बाबाही सांगत. मी त्यांचा मुलगा असून मला फक्त पाण्याला समानार्थी शब्द सांगता येतात.) तिची जायची इच्छा इतकी की वही आणि पेन आधीच आणून ठेवलं. पण तिथे लेकरं न्यायची नाहीत असा नियम. छोटू चार वर्षांचा, रंजू चौदा महिन्यांची, आमचे चिरंजीव देवानंद नागपूरला कंपनीत, त्यांना सुट्टी नाही, आणि तुझी भावजय चंद्रकांता जाऊन सहा वर्षं झाली. उरलो मी. मंगळवारपर्यंत होकार कळवला नाही तर जागा दुसऱ्या गावाला जाणार.

मी म्हटलं, "मी आहे ना! चौतीस वर्षं एका वेळी साठ-साठ लेकरं सांभाळली, ही तर दोन आहेत."

गटाची अध्यक्षीण कामिनी ओसरीवर बसली होती. (जिभेची धार अशी की तिला विळ्याची गरज पडत नसावी.) ती म्हणाली, "गुरुजी, तुमच्या साठांपैकी एकाचं तरी ढुंगण धुतलं का जी तुम्ही?" मी विषय बदलला. पण ज्योत्सना हसली नाही, त्यावरून मला कळलं की तिलाही तोच प्रश्न पडला आहे. मग ठरलं की आठवडाभर मी निरीक्षण करावं, आणि गुरुवारी, म्हणजे काल, ती तलावावर जाळं ओढायला जाईल तेव्हा सकाळी सात ते सायंकाळी पाच एकट्याने सांभाळून दाखवावं. रंगीत तालीमच म्हण.

बाई, निरीक्षण कसं करावं याचं मला प्रशिक्षण झालेलं आहे. बालकाच्या पातळीवर उतरावं, असं पुस्तकात होतं. मी ते शब्दशः घेतलं. रंजूच्या चटईशेजारी दुसरी चटई अंथरली आणि उताणा पडलो. (उतरायला दोन मिनिटं लागली, उठायला छोटू आणि खाट दोन्ही लागले.) आणि मग सात दिवस मी आमचंच घर अशा उंचीवरून पाहिलं की जिथून मी सत्तर वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

त्या उंचीवरून घर म्हणजे देऊळ आहे. दरवाजा आभाळाला टेकलेला. टेबलाला खालून कोणीतरी खडूने आकडे लिहिलेत, मला माहीतच नव्हतं. आणि या देवळात जी येते-जाते, तिला आधी चेहरा नसतोच. आधी तिचा आवाज येतो. चुलीपाशी काहीतरी सरकतं, बादलीची कडी पडते, आणि रंजूचे पाय हवेत थांबतात. मग टाचा येतात, भेगा पडलेल्या, भेगांत तलावाचा काळा चिखल, कितीही धुतला तरी न जाणारा. मग लुगड्याचा काठ. आणि मग ते सगळं उंच उंच एकदम दुमडतं आणि वरून चेहरा खाली येतो. मी चौतीस वर्षं मुलांना आईच्या मुखाला चंद्राची उपमा शिकवली. चटईवर पडल्या पडल्या मला कळलं की उपमा चुकली आहे. चंद्र कधी खाली वाकत नाही.

आणि हा चेहरा दिवसातून किती वेळा वाकतो! मी वहीत काड्या ओढत होतो, दुपारपर्यंत एक्केचाळीस झाल्या, मग वही रंजूने घेतली. जवसाचं तेल तळहातावर चोळून कोमट केल्याशिवाय ती अंगाला लावत नाही. न्हाऊ घालताना पाय लांब करून नडग्यांवर लेकरू पालथं घेते आणि पाणी आधी कोपराला लावून पाहते. भाताची पेज भरवताना तिचंही तोंड उघडतं, तिला ठाऊकही नसतं. पोळी लाटताना, छोटूची चड्डी वर ओढताना, माझा चष्मा शोधून देताना तिच्या कानाचा एक कोपरा सदैव झोळीकडे असतो. रंजू झोपेत नुसती कूस बदलते आणि ही अंगणात वाळवण घालता घालता थांबते. खालून पाहणाऱ्याला वाटेल की या जगात एवढी एकच बाई आहे, आणि तिला दुसरं काहीच काम नाही. (वरून पाहणाऱ्याला, म्हणजे मला, इतकी वर्षं वाटायचं की तिला काम आहे तरी काय. हे वाक्य मी चंद्रकांतेबद्दलही लिहितो आहे. आमची तीन मुलं वाढली तेव्हा मी शाळेत होतो किंवा कविता पाठ करत होतो. तिने ती मुलं केव्हा वाढवली, मला खरंच सांगता येणार नाही.)

मी ज्योत्सनेला म्हटलं, "सगळं क्रमाने लिहून दे."

ती म्हणाली, "लिहून काय देऊ जी मामाजी? ते तर हातालेच माहीत असते."

काल सकाळी सातला ती गेली. सव्वासातला रंजू उठली. मी ठरवलं होतं, आणि हे तुला माहीत आहे, की माझ्या नातीच्या कानावर पहिल्यापासून शुद्ध भाषाच पडली पाहिजे. म्हणून मी स्पष्ट उच्चारात विचारलं, "बाळ, तुला भूक लागली आहे का?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू वर्गात अचानक शिक्षणाधिकारी शिरले. खालचा ओठ बाहेर आला. मी तेच वाक्य अधिक स्पष्ट उच्चारलं. तिने सूर लावला.

पेज घेतली. चमचा पुढे नेला, तोंड बंद. तेव्हा मला आठवलं की भरवणाऱ्याने स्वतःचं तोंड उघडायचं असतं. मी उघडलं, चांगलं मोठं उघडलं, आणि बाई, लेकराचा हात किती चपळ असतो! वरची कवळी तिच्या मुठीत. रडणं बंद. ती कवळीकडे पाहून मोठ्याने हसली, आणि मग तिने ती पेजेत बुडवून स्वतःच्या तोंडाला लावली.

छोटू म्हणाला, "आबाजी, रंजू तुमच्या दातानं जेवून राहिली जी!"

मी 'जेवते आहे म्हणावं' असं दुरुस्त करायला गेलो, पण दातांशिवाय माझ्याच तोंडून जे निघालं ते कुठल्याच व्याकरणात बसणारं नव्हतं. तरी पेज अर्धी वाटी पोटात गेली. कोणाच्या दातांनी का होईना.

मग न्हाणं. पाणी तापवलं, तिच्यासारखंच कोपर बुडवून पाहिलं, काही लागलं नाही, म्हटलं छान कोमट आहे. छोटूने बोट घातलं आणि ओरडला. तेव्हा लक्षात आलं की कोपरावर स्वेटर होता, देवानंदने दिलेला जाड लोकरीचा. बाई, मी तिथेच पाटावर बसून राहिलो. रंजू दोन हात लांब, दोरीचं टोक चघळत होती, तिला काहीच माहीत नाही. रोज ज्योत्सनेचं कोपर बुडतं आणि मी त्याला एक सवय समजत होतो. न्हाणं रद्द केलं. ओल्या फडक्याने पुसलं.

यानंतर झोप. या विषयात मला आत्मविश्वास होता. झोळीत घालून मी, वरच्या दातांविनाच, मंदाक्रांता सुरू केली. या वृत्ताने मी आजवर वर्गच्या वर्ग झोपवलेले आहेत, एकदा तर तपासणीला आलेले साहेबही. रंजू ताठ. शार्दूलविक्रीडित घेतलं, ती बसली. भुजंगप्रयात घेतलं तेव्हा ती उभी राहून झोळीच्या कडेला धरून रडू लागली, आणि रडतानाही, मी लक्ष देऊन ऐकलं, यती बरोबर जागी घेत नव्हती. फुलांच्या कविता झाल्या, पाखरांच्या झाल्या. छोटू कानावर हात ठेवून अंगणात गेला. शेजारचे केवळराम कुंपणावरून डोकावून विचारून गेले, "गुरुजी, लेकरू रडून राहिलं का तुम्ही?"

दोन वाजले. मी जेवलो नव्हतो. रंजूचा चेहरा रडून रडून लाल, हुंदक्यात श्वास अडकत होता, आणि माझ्याजवळची सगळी भाषा संपली होती. शुद्ध, अशुद्ध, गद्य, पद्य, सगळी. मी चटईवर बसलो, तिला ओढून पोटाशी घेतलं, आणि माझ्या तोंडून, शप्पथ, मी न ठरवता निघालं, "काहून रडून राहिली वो माये? का झालं? कोनं मारलं माह्या रंजूले? त्याले आपन तलावात बुडवू, हो ना वो?"

रडणं मध्येच तुटलं. तिने मान मागे करून माझ्याकडे पाहिलं. कसं पाहिलं सांगू? ओळखीचं माणूस फार उशिरा घरी आलं की पाहतात तसं. सकाळपासून तिच्यासमोर कोणी परका माणूस परक्या बोलीत बोलत होता, आणि आता कुठे आबाजी आले होते. ती बोली मी एकोणिसाव्या वर्षी अध्यापक विद्यालयाच्या फाटकाबाहेर ठेवली होती, बाई. तिथे माझ्या पहिल्याच पाठाला 'मले' या शब्दावर सगळा वर्ग हसला होता. तेव्हापासून आपल्या मायशीसुद्धा मी 'मला, तुला' बोललो. ती मला 'अहो मास्तर' म्हणायची, आठवतं? मला वाटायचं कौतुकाने म्हणते.

आणि मग रंजूने दोन्ही हात माझ्या गळ्याकडे वर केले आणि म्हणाली, "म-ले."

पहिला शब्द, बाई! तिच्या आयुष्यातला पहिला. मी मुलांच्या वह्यांत 'मले' दिसलं की लाल रेघ ओढायचो, दहा वेळा 'मला' लिहून आणायला लावायचो. किती हजार रेघा ओढल्या असतील! आणि हा शब्द माझ्या मांडीवर आला, त्याला मी काय करणार? मी उचललं तिला.

छोटू दारात उभा होता. म्हणाला, "आबाजी, रंजू चुकली ना? 'मला' म्हनते ना?"

मी म्हटलं, "बरोबर आहे तिचं."

त्यानंतर ती माझ्या छातीवरच झोपली, आणि मी हललो नाही. हलता आलंही नसतं, उठायला खाट लांब होती. पाच वाजता मला काहीच ऐकू आलं नव्हतं, तोच रंजूने डोळे उघडले. मी कान टवकारले, रस्त्यावर कोणी नाही. बऱ्याच वेळाने फाटक वाजलं, आणि मग त्या टाचा आल्या, घोट्यापर्यंत चिखल, ओल्या लुगड्याचा काठ, आणि सगळं उंच उंच दुमडून खाली वाकलं. ज्योत्सना दिवसभर कमरेइतक्या पाण्यात होती. घरात पेज भिंतीपर्यंत, फडकी अंगणभर, माझी कवळी छोटूच्या डब्यात. तिने त्यातलं काहीच पाहिलं नाही, किंवा सगळंच पाहिलं. रंजूचं कपाळ-मान-तळपाय, छोटूची जीभ, असं एका दमात हाताने तपासलं आणि मला विचारलं, "मामाजी, तुम्ही जेवले का?"

बाई, तिसरं लेकरू मी आहे हे मला तेव्हा समजलं. आणि अर्ध्या तासात घर पुन्हा देऊळ झालं. मी चटईवरून पाहत होतो. लहान लेकरू आईकडे तोंड उघडं टाकून पाहत राहतं ना, लोक म्हणतात त्याला समज नसते. मला वाटतं त्या वयात त्याला सगळं समजत असतं आणि म्हणूनच ते बोलू शकत नाही. पुढे आपण बोलायला शिकतो आणि दिसेनासं होतं.

रात्री भांडी घासता घासता ती म्हणाली, "नाही जात मी जी. कामिनीले सांगून टाकते." आवाजात कुठे राग नाही, रडू नाही. कोरी वही आणि पेन तिने छोटूच्या दप्तरात घालून टाकलं, तेवढंच. मी म्हटलं, "एका दिवसात परीक्षा होत नाही. मंगळवार लांब आहे." ती म्हणाली, "तुमच्या हाताले अजून माहीत नाही झालं जी."

तर असं आहे. बाकी इकडे सर्व क्षेम. घरी भाऊजी, भैय्यालाल, सूनबाई रिता सर्वांना यथायोग्य सांगावं. हे पत्र केवळ खुशाली कळवावी म्हणून लिहिलं, दुसरा काही हेतू नाही.

तुझा धाकटा,
श्याम

ता. क. : हेतू आहे. शुद्ध मराठीत मागून पाहिलं, तीन कागद फाडले, जमलं नाही. म्हून असं लिहितो. बाई, तू ये ना वो दहा रोज. तू आली तर पोरगी जाईल. तिले ते शिकाचं हाये, आन मले एकट्यानं नाही होत. सोमवारची एस.टी. धर.

ता. क. दुसरा : येताना कृपया एकटीच ये. भाऊजींना आणू नकोस. परसराम भाऊजींबद्दल माझ्या मनात आदर आहे, पण वनरक्षक म्हणून ज्यांनी जन्म जंगलात काढला आणि ज्यांच्या मिशा पाहून आमची कुत्रीही खाटेखाली जाते, अशा माणसाचं लेकरांच्या घरात काम काय? ते खाटेवर बसतील, चहा मागतील, आणि चौथं लेकरू होतील. इथे तीन पुरेत.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवत होतो तोच दार वाजलं. वाटलं, कामिनी नकार न्यायला आली. उघडलं तर बाई, परसराम भाऊजी! खांद्याला एक झोळा, हातात काठी, चार एस.टी. बदलून आलेले. रामराम नाही, काही नाही, म्हणाले, "सून कुठी हाये? तिले म्हना, बॅग भर."

मग एकेक कळलं. ज्योत्सनाने रविवारीच तुला विचारलं होतं म्हणे, मला न सांगता. तुझा पाय नऊ दिवसांपासून प्लास्टरमध्ये आहे म्हणे, मला न सांगता. तुला येता येत नाही म्हणून तू रात्रभर रडलीस म्हणे. आणि भाऊजी तुला 'तुमसरला पेन्शनचं पाहून येतो' सांगून सरळ इकडे निघाले. "खरं सांगितलं असतं तर रेवताच निंगाली असती, लंगडत लंगडत," म्हणाले. ते इथे आहेत, शोधू नकोस. तुला फोन लावतोच आहे, पण पुढचं फोनवर सांगता यायचं नाही, म्हणून लिहितो.

ते मोरीवर हातपाय धूत होते. मी फार अदबीने विचारलं, "भाऊजी, लहान लेकरांचं आपल्याला काही...?"

त्यांनी वर पाहिलं नाही. म्हणाले, "सहा लेकरं झाली आमाले. रेवतानं का का केलं, ते सारं पाह्यलं हाये म्या. बोललो नाही, येवढंच."